बारावीचा लेखनिक

मॅडम, मागच्या आठवड्यात मला कळलं की त्या दिवशी तुम्ही माझ्याशी खोटं बोलला होतात. लेखनिकाचं नाव मीच बदललं, माझा निर्णय आहे, असं तुम्ही शाळेच्या पटांगणात सगळ्यांसमोर म्हणालात, आणि तेवढं धरून मी सात वर्षं तुमच्यावर चिडून राहिलो. तुम्ही गेलात तरी चिडून राहिलो. माणूस गेल्यावर राग उतरतो म्हणतात, माझा उतरला नाही. उलट वाटलं, भांडण अर्धं टाकून निघून गेल्या. आता ज्या गोष्टीसाठी चिडलो होतो तीच खरी नव्हती असं निघालं, तर एवढा राग ठेवू कुठं? म्हणून लिहितोय. लिहितोय म्हणजे बोलतोय. आता मोबाइलमध्ये सोय आहे, आपण बोललो की तो मराठीत टाइप करतो आणि बटण दाबलं की वाचूनही दाखवतो. तुम्ही असतात तर पहिल्यांदा हे दाखवायला तुमच्या घरी आलो असतो. वाक्य संपल्याची टिंबं तेवढी त्याला जमत नाहीत, ती मी मागाहून बसून घालतोय, तुम्ही शिकवली तशी, श्वास सुटला की एक.

आपली ओळख शाळेत झालीच नाही, हे तुम्ही सगळ्यांना हसून सांगायचात. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला बाबांचं वेल्डिंगचं दुकान, आणि तुमच्या स्कूटीचा स्टँड तुटला म्हणून तुम्ही तिथं थांबलात. मी आठवीत होतो. त्या दिवशी शाळेत गेलो नव्हतो, कारण आदल्या दिवशी सरांनी उभं करून धडा वाचायला लावला होता. ओळीतली अक्षरं माझ्यासमोर कधी जागेवर थांबलीच नाहीत; एक धरलं की दुसरं सुटायचं आणि तिसऱ्यापर्यंत पहिलं कोणतं होतं ते विसरायचं. पोरं हसली, आणि जो सगळ्यात मोठ्यानं हसला त्याच्या तोंडावर मी कंपासपेटी मारली. बाबा तुम्हाला तेच सांगत होते. "ह्याच्या डोक्यात दगड भरलेत मॅडम. आठवीत गेलाय, सोताच्या गावाचं नाव लिहिता येत न्हाई." मी तुमच्या स्टँडला लावायला लोखंडाचा तुकडा कापत होतो. तुम्ही वाकून बघितलंत. "दगड असते तर हा तुकडा बराबर कसा बसला भाऊ? पट्टी पण न्हाई लावली त्यानं." बाबा म्हणाले, "ते हाताचं काम हाय." तुम्ही म्हणालात, "हात काय डोक्याला न इचारता चालतो का?" मग माझ्याकडं वळून सांगितलंत, मी फिरती विशेष शिक्षिका, ज्या लेकरांना शिकायला वेगळी वाट लागते त्यांच्यासाठी, मंगळवारी आणि शुक्रवारी तुझ्याच शाळेत असते, येशील का. मी म्हणालो, न्हाई. तुम्ही स्कूटीला किक मारलीत आणि म्हणालात, "चल मंग, मंगळवारी भेटू."

शाळेनं तुम्हाला दिलेली खोली म्हणजे खिचडीचं कोठार. एका भिंतीला तांदळाची पोती, दुसरीला गॅदरिंगचे पुठ्ठ्याचे भाले आणि मोडके बाक, मधे तुमची सतरंजी. आम्ही चारपाच जण यायचो. कुणाला ऐकू कमी, कुणाला दिसायला कमी, आणि मी, ज्याला सगळं दिसायचं आणि ऐकू यायचं तरी वाचता येत नव्हतं. बाहेरची पोरं त्या खोलीला येड्यांची खोली म्हणायची. तुम्ही पितळी ताटात बारीक रेती आणली होती. तिच्यात बोटानं अक्षर काढायचं, तोंडानं म्हणायचं, डोळे मिटून परत काढायचं. आठवीतला घोडा मी, मिसरूड फुटायला लागलेलं, आणि रेतीत 'भ' काढत बसलोय. एकदा खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "काय रे, पोळ्या लाटतो का?" मी ताटाला लाथ मारली. रेती सगळ्या सतरंजीवर, पोत्यांत, तुमच्या चपलेत. तुम्ही आवाज चढवला नाहीत. म्हणालात, "राग तुझा हाय बेटा, रेती माझी हाय. भर." आख्खा तास मी हातानं रेती गोळा केली आणि तुम्ही तुमच्या टाचणवहीत लिहीत बसलात, एकदाही वर बघितलं नाही. झालं असं सांगायला उभा राहिलो तर पेनानं दाखवलंत, "त्या पोत्याखाली राह्यली अजून."

ते ताट, ती खिडकी कापलेली पुठ्ठ्याची पट्टी, जिच्यातून एका वेळी एकच ओळ दिसायची, खरखरीत पॉलिश पेपरची कापलेली अक्षरं, हे सगळं तुम्ही पिशवीत घेऊन गावोगाव फिरत होतात. रोज वेगळी शाळा. तुमची नोकरी कंत्राटी होती, अकरा महिन्यांची ऑर्डर. बारावा महिना आला की तुम्ही कागद घेऊन जालन्याच्या चकरा मारायचात. दोन वर्षं तर जूनमध्ये ऑर्डर यायच्या आधीच तुम्ही शाळेत हजर. मी विचारलं तर म्हणालात, "कागद येईल तवा येईल. तू काय कागदाची वाट बघून मोठा व्हायचा थांबणार हायस का?" हे मला माहीत होतं, मॅडम. पुढं मी जे बोललो ते मला माहीत असताना बोललो, म्हणून इथं लिहून ठेवतोय.

वर्गातल्या सरांशीही तुम्हालाच भांडावं लागायचं. इतिहासाचे सर म्हणाले होते, "साठ लेकरं हायत मॅडम माझ्या वर्गात. एकट्याची तोंडी परीक्षा घेत बसू का?" तुम्ही म्हणालात, "एकच प्रश्न इचारा सर. दिवसाला एक. जास्ती मागत न्हाई." त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारला, मला वाटतं तुम्हाला खोटं पाडायलाच विचारला. मी उभा राहिलो आणि धडा सांगत सुटलो, कारण धडे मी कानानं पाठ करायचो, शेजारचा वाचायचा तेव्हाच. सर थांब म्हणेपर्यंत थांबलो नाही. मागच्या बाकावरचा एक जण हळूच म्हणाला, "अरे, ह्याला तर येतंय सगळं." ते वाक्य मी घरी जाईपर्यंत तोंडात घोळवत होतो.

मग आमचं स्वयंपाकघर. हे सांगताना मला सगळं समोर दिसतंय. जून संपत आलाय, उकाडा, मी नुकताच दहावीत गेलोय. आई चुलीपुढं भाकरी थापतेय आणि तुम्ही पाटावर बसलाय, पदरानं मान पुसताय. विषय सर्टिफिकेटचा. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी करून कागद मिळाला तर बोर्डाच्या परीक्षेला मला जादा वेळ मिळणार आणि लेखनिक मिळणार, म्हणजे मी सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहायचं. बाबा तयार होते. आई नव्हती. "नगं मॅडम. कागदावर एकदा येडा म्हणून शिक्का बसला की उद्या ह्याला पोरगी कोण देईल?" तुम्ही म्हणता, "ताई, येडा असं कुठंच लिहीत न्हाईत त्याच्यावर. डोकं बराबर हाय, वाचण्यालिहिण्याची तेवढी अडचण हाय, असं लिहितात." आई भाकरी उलटते. "लोक कुठं एवढं वाचून बघतात." तुम्ही खळखळून हसता, "ते बी खरंच हाय म्हणा." आई कपात चहा ओतून पुढं करते आणि तुम्ही हळूच हात आडवा धरता. "रोजा हाय ताई." आईचा चेहरा एवढासा होतो. ती कप मागं ओढते आणि काही कारण नसताना माझ्यावरच ओरडते, हितं काय बसलास, जा बाहेर. जाताना तिनं तुम्हाला फडक्यात चार भाकरी आणि ठेचा बांधून दिला, सुटल्यावर खा म्हणून. पुढच्या शुक्रवारी फडकं धुऊन, घडी घालून आणलंत. "ताईला सांग, ठेच्यानं रोजा सोडणारी अंबडात मी पहिलीच असंल." आई हसली आणि त्याच दिवशी बाबांना म्हणाली, घेऊन जा त्याला औरंगाबादला.

तीन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला तुम्ही स्वतःची रजा टाकून आलात, कारण पहिल्या खेपेला आम्हाला कोणत्या खिडकीत जायचं तेच कळलं नव्हतं आणि मी शिपायाशी भांडून बाहेर निघालो होतो. डॉक्टरीण बाईंनी रंगीत ठोकळे जुळवायला दिले, मी त्यांनी घड्याळ बघायच्या आत जुळवले. त्या तुमच्याकडं बघून काहीतरी इंग्रजीत बोलल्या. तुम्ही एसटीत बसेपर्यंत मला सांगितलं नाही. मग म्हणालात, "त्या म्हणल्या, हा मुलगा हुशार हाय." आणि खिडकीबाहेर बघत बसलात. तुमचे डोळे भरले होते का ते मी बघितलं नाही, मला लाज वाटली.

आता लेखनिकाचं सांगतो. नियम असा की लेखनिक खालच्या वर्गातला पाहिजे, म्हणजे त्याला परीक्षेच्या वर्गाचं येत नसावं. तुम्ही नववीतली एक मुलगी निवडलीत. अक्षर चांगलं म्हणून तर होतंच, पण मुख्य म्हणजे ती कुणाला ऐकत नाही म्हणून, असं तुम्हीच म्हणालात. तिला तुम्ही एकच गोष्ट शिकवलीत, तो सांगेल ते लिहायचं, त्याच्यापुढं एक अक्षर न्हाई, त्याच्या मागं एक अक्षर न्हाई. पहिल्या सरावाला आम्ही दोघं कोठारात बसलो, मी बोलत गेलो, ती लिहीत गेली. तास संपल्यावर तुम्ही तिचा कागद वाचायला घेतला आणि पदर तोंडाला लावला. तिनं सगळं लिहिलं होतं. "भारताच्या पश्चिमेला थांब थांब आठवू दे अगं हे नको लिहू पंखा लाव जरा अरबी समुद्र आहे." मी चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "मॅडमनं सांगितलं ना, जे बोलशील ते." तुम्ही इतक्या हसलात की तांदळाच्या पोत्याला टेकलात. मग तुम्ही मला शिकवलंत की आधी गप्प बसायचं, वाक्य पूर्ण डोक्यात जुळवायचं, मग तोंड उघडायचं. बोलायच्या आधी गप्प बसणं हे मला त्या आधी कुणी शिकवलंच नव्हतं. परीक्षेपुरतं शिकलो. बाकीच्या वेळी कधी वापरलं नाही.

आणखी एक केलंत. मला मुद्दाम चूक उत्तर सांगायला लावलंत. तिचं पेन थांबलं. "मॅडम, पण हे चुकलंय." "चुकलंय तर चुकलंय. पेपर त्याचा हाय." ती माझ्याकडं बघत चुकीचं उत्तर लिहीत राहिली आणि मी तिच्याकडं बघत राहिलो. तिथंच झालं जे व्हायचं ते. तुम्हाला तेव्हाच कळलं असणार. दहावीच्या परीक्षेला एका रिकाम्या वर्गात आम्ही दोघं आणि एक पेंगणाऱ्या बाई. मी हळू आवाजात बोलतोय आणि माझ्या तोंडातून निघालेलं प्रत्येक अक्षर ती कागदावर ठेवतेय. मला आयुष्यात कुणी इतका वेळ ऐकलं नव्हतं. ज्याची अक्षरं कुणालाच लागत नव्हती, माझी मलाच लागत नव्हती, त्याची अक्षरं एक मुलगी सुंदर करून लिहितेय. सोळा वर्षांचा पोरगा त्याचा दुसरा काय अर्थ लावणार? मी पास झालो, चांगला पास झालो. तुम्ही मला स्टीलची फूटपट्टी दिलीत, ओळीखाली धरून वाचायला. मी ती घेतली आणि तुमच्या मागं ती उभी आहे का ते बघितलं.

पुढची दोन वर्षं मी नुसता तिच्यापायी हिंडलो. शाळेला जोडूनच अकरावी-बारावी होती, त्यामुळं ती रोज दिसायची. तिच्या वाटेवर उभं राहायचं, तिच्या वर्गाच्या खिडकीवरून तीनदा जायचं, कुणी तिच्याशी बोललं की त्याची गचांडी धरायची. दोघांशी मारामारी केली. तुम्ही एकदा बाजूला घेऊन म्हणालात, "बेटा, तिला पण इचारलंस का कधी?" मी म्हणालो, काय इचारायचं त्यात. बारावीचं वर्ष आलं, ती अकरावीत, म्हणजे खालच्या वर्गात, म्हणजे नियमानं परत माझी लेखनिक होऊ शकणारी. मी पोरांमध्ये सांगत फिरलो, बोर्डाला माझ्यासोबत तीच बसणार, तीन-तीन तास, खोलीत आम्ही दोघंच. पोरं शिट्ट्या वाजवायची. मला भारी वाटायचं.

डिसेंबरमध्ये अर्ज भरायचे होते. मधली सुट्टी, पटांगणात पोरांचा घोळका, तुम्ही हातात अर्ज घेऊन आलात आणि म्हणालात, लेखनिक म्हणून अकरावीतला एक मुलगा ठरवलाय, आजपासून सराव सुरू कर. मी विचारलं, ती का न्हाई? तुम्ही म्हणालात, "तिचं नाव मीच काढलं. माझा निर्णय हाय." का काढलं? "मला बराबर वाटलं न्हाई म्हणून." मागून कुणीतरी हसलं. माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते तुम्हाला पाठ असेल, मला तर आहेच. "तुम्हाला येडे लागतात. येडे दाखवले न्हाईत तर तुमची ऑर्डर कशी निघंल? आमच्यावर पोट भरतं तुमचं." आणि अर्ज तुमच्या हातातून ओढून फाडला. म्हणालो, न्हाई पायजे मला तुमचा लेखनिक, मी काय लुळा हाय का? शिपाईकाका पुढं आले, तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत. तुमचा चेहरा पांढरा पडला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "अर्ज पुढच्या शनिवारपर्यंत भरता येतो. दुसरा आणते मी." आणि स्कूटी काढून पुढच्या शाळेला गेलात. कारण तो शुक्रवार होता आणि शुक्रवारी दुपारून तुमची दुसरी शाळा असायची.

त्या शनिवारच्या आत तुम्ही दोनदा दुकानावर आलात. दोन्ही वेळेला मी ट्रॉलीखाली पडून होतो. तुमच्या चपला मला दिसत होत्या. बाबा म्हणाले, "भाईर गेलाय मॅडम." तुम्ही म्हणालात, "आला की सांगा, सही तेवढी पायजे त्याची." ट्रॉलीच्या खालून माझे पाय बाहेर निघालेले तुम्हाला दिसले नसतील असं कसं होईल? तुम्ही तशाच निघून गेलात.

बारावी मी स्वतःच्या हातानं लिहिली. प्रश्न वाचून होईपर्यंतच निम्मा वेळ जायचा. काठावर पास झालो आणि निकाल दुकानाच्या भिंतीवर लावावा असं वाटलं, तुम्हाला दिसेल म्हणून. पण तुम्ही तोपर्यंत गेला होतात. निकालाच्या आधी, मे महिन्यात. गेट दुरुस्तीला आलेले एक मास्तर बाबांना सांगत होते, "त्या फिरत्या मॅडम होत्या ना अंबडच्या, वारल्या. कावीळ झाल्ती म्हणे, अंगावर काढली. रजा घेतली तर ऑर्डर जाईल म्हणून घेतली न्हाई." बाबांनी हातातलं काम खाली ठेवलं. मी ठेवलं नाही. मी कटर चालू केला, आवाज एवढा मोठा की पुढचं ऐकू आलं नाही. दफनाला बाबा गेले, आई तुमच्या घरी जाऊन आली. मी म्हणालो, मला काम हाय.

पुढं जालन्याला कॉलेजात नाव घातलं. सर्टिफिकेट आईच्या ट्रंकेत होतं, मी ते कधी काढलं नाही, तिथं कुणाला सांगितलंही नाही. पहिल्या वर्षी तीन विषय राहिले. दुसऱ्या वर्षी परीक्षेत वेळ संपला म्हणून पेपर ओढणाऱ्या सरांचा हात धरला, आणि मग प्राचार्यांच्या खोलीत उभं राहायच्या ऐवजी सरळ एसटी स्टँडवर आलो. परत गेलोच नाही. आता बाबांच्या दुकानात आहे. गेट, ट्रॉल्या, शटर. काम चांगलं करतो. शाळेत तुमच्या जागी कुणी आलं नाही बरीच वर्षं. कोठारात परत नुसता तांदूळ, असं एकदा खिडकी बसवायला गेलो तेव्हा बघितलं.

आणि मागच्या आठवड्यात राजूरला गेलो होतो, गणपतीच्या रस्त्यावर एका नारळाच्या दुकानाला शटर बसवायला. चतुर्थी होती, गर्दी. ती आली, आईसोबत. जालन्याला दवाखान्यात नर्स आहे, हे मला माहीत होतं. तिचं मला सगळं माहीत असतं, अजूनही. तिनंच हाक मारली. आई रांगेत उभी राहिली आणि ती माझ्याजवळ येऊन दोन मिनिटं थांबली. म्हणाली, माझं जमलंय, दिवाळीनंतर. मी म्हणालो, बरं झालं. माझा हात पान्यावर होता आणि पाना फिरत नव्हता. मग काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, त्या मॅडमनी तवा तुझं नाव काढलं नसतं तर... पुढं काय ते मलाही माहीत नव्हतं. ती माझ्याकडं बघत राहिली.

"तू अजून त्यांच्यावरच चिडून हायस?"

"त्यांनीच काढलं ना तुला."

"मी गेल्ते त्यांच्याकडं. मीच म्हणलं, माझं नाव काढा."

ती बोलत राहिली, दवाखान्यात पेशंटला सांगतात तशी, सावकाश. तू गावभर सांगत फिरत होतास, खोलीत आम्ही दोघंच म्हणून. ते माझ्या भावापर्यंत गेलं. तो मला घरी बसवायला निघाला होता, शाळा बंद, पुढं काही नाही. मी मॅडमला सांगितलं, मला त्याच्यासोबत बसायचं न्हाई, पण मी सांगितलं असं त्याला कळलं तर तो काय करंल ते मला ठाऊक न्हाई. मॅडम म्हणाल्या, तुझं नाव कुठंच येणार न्हाई. मी सांगते माझ्या नावावर. बारावी होऊ दे त्याची, मंग मीच त्याला सगळं समजावून सांगीन, त्याच्या आधी सांगितलं तर परीक्षा सोडून देईल. "त्यांनी तुझ्या शिव्या खाल्ल्या ना, तवा मी वर्गाच्या दारात उभी होते. मला बाहेर यायला पायजे होतं. आले न्हाई."

मी विचारलं, तुला मी बिलकुलच आवडत नव्हतो का? तिनं ओढणी सारखी केली. "ते मला कुणी इचारलंच न्हाई. तू पण न्हाई." आणि आई हाक मारत होती म्हणून गेली.

परत येताना मी गाडी अंबडकडून घेतली. कब्रस्तानच्या भिंतीशी थांबलो. आत जाऊन कुणाला विचारलं असतं तर तुमची जागा दाखवली असती, लहान गाव आहे, फिरत्या मॅडम म्हटलं की कुणीही सांगेल. मी गाडीवरून उतरलो नाही. काय बोलायचं ते डोक्यात जुळलं नव्हतं. घरी आलो आणि तीन दिवस मोबाइलशी हे बोलतोय. आईनं विचारलं, कुणाशी बोलून राह्यला इतका वेळ? म्हणालो, गिऱ्हाईक हाय.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही. तुमच्या घरच्यांना दिलं तर त्यांना वाटेल माफी मागतोय, आणि माफी मागायची तर आधी खरं सांगावं लागतं, ते अजून सांगितलंच नाही मी. वर लिहिलंय ना, मागच्या आठवड्यात मला कळलं. तसं नाही मॅडम. त्या शुक्रवारी सकाळी मी शाळेत लवकर आलो होतो. पाण्याच्या टाकीमागं, माझ्या नेहमीच्या जागी उभा होतो, ती येईल म्हणून. ती आली, पण कोठारातून बाहेर आली, ओढणीनं तोंड पुसत. तुम्ही दारात उभ्या होतात, तुमचा हात तिच्या डोक्यावर. ती काय बोलली ते ऐकू आलं नाही, पण तिनं टाकीकडं बघितलं, मी दिसतोय का म्हणून, आणि तिच्या तोंडावर जी भीती होती ती मलाच घाबरून होती, एवढं मला वाचता आलं. मग दुपारी तुम्ही म्हणालात माझा निर्णय आहे, आणि मी तुमच्यावर तुटून पडलो. तिच्यावर चिडलो असतो तर ती परत कधी दिसलीच नसती. तुम्ही मंगळवारी परत येणार होतात.